महू, महिदपूर आणि सराफा

महूला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा लेफ्टनंट असताना वायओ कोर्सला, दुसऱ्यांदा कंपनी कमांडर म्हणून जेसीला आणि तिसऱ्यांदा केस पिकायला लागल्यावर. प्रत्येक खेपेला शनिवारची रात्र एकाच ठिकाणी गेली. महूपासून तेवीस-चोवीस किलोमीटरवर इंदूर, इंदुरात राजवाडा आणि राजवाड्याला लागून सराफा. ज्यांनी महूला कोर्स केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो.

दिवसा सराफा म्हणजे नावाप्रमाणे सोन्याचांदीचा बाजार. गल्ली इतकी अरुंद, की दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकाने थांबावं. रात्री आठ-नऊच्या सुमारास शटरं खाली येतात आणि त्याच दुकानांच्या ओट्यांवर, पायऱ्यांवर आणि समोरच्या हातभर जागेत शेगड्या पेटतात. अर्ध्या तासात सोन्याचा बाजार संपून खाण्याचा सुरू होतो आणि पहाटे दोनपर्यंत चालतो. भुट्टे का कीस म्हणजे किसलेला कोवळा मका, तुपावर परतून दुधात शिजवलेला. थंडीत गराडू, म्हणजे एका कंदाच्या फोडी दोनदा तळून वर लिंबू आणि मसाला. खोबऱ्याचं सारण भरलेलं पॅटिस. ताटभर आकाराचा एकच जलेबा. शिकंजी मागितली तर लिंबू सरबत येत नाही, घट्ट आटवलेलं गोड दूध येतं. आमच्या कोर्समधला एक पंजाबी पहिल्यांदा त्यावर भांडला होता आणि नंतर तीन ग्लास प्यायला. जोशींच्या दुकानात दहीवड्याचा द्रोण हवेत उडवतात आणि एक थेंब न सांडता झेलतात. आमच्यापैकी एकाने मेसमध्ये हा प्रयोग केला. त्याचं मेस बिल त्या महिन्यात किती आलं ते विचारू नका.

पहिल्या खेपेला मी एवढंच पाहिलं. पोट बावीस-तेवीस वर्षांचं होतं, इतिहासाला जागा नव्हती.

दुसऱ्या खेपेला साबुदाण्याच्या खिचडीच्या गाडीपाशी उभा होतो. इंदूरची ही खिचडी आपली नव्हे. आपण तुपात जिरं-मिरची टाकून साबुदाणा परततो. इथे साबुदाणा वाफेवर शिजवून मोठ्या भांड्यात गरम ठेवलेला असतो. तुम्ही मागितलीत की त्यात मसाला, लिंबू, हिरवी मिरची आणि वरून मूठभर फराळी चिवडा कालवून देतात. उपासाचा पदार्थ, पण रात्री बारा वाजता खाणाऱ्यांपैकी एकाचाही उपास नसतो. मी शेजारच्या मित्राला मराठीत म्हणालो, "आई बघेल तर म्हणेल, ही कसली खिचडी?"

मागून आवाज आला, "आई पुण्याकडची का?"

सत्तरीचे गृहस्थ, पांढरा सदरा, हातात तोच द्रोण. मी म्हणालो, "साताऱ्याकडची, काका." ते रामबागेत राहणारे इंदुरी मराठी. त्यांचे पूर्वज कारकुनीसाठी दक्षिणेतून इथे आले होते, आणि घरात अजून मराठी बोलतात. इंदूरची मराठी ऐकायला मजा येते, "मी दर शनिवारी येऊन राहिलो आहे" अशी. केस बघून त्यांनी ओळखलंच होतं. "फौजी? महूचे? मग महिदपूर पाहिलं असेल."

मी म्हणालो, नाही.

काका एवढंच म्हणाले, "अरे, ज्या लढाईमुळे तुमचं महू झालं, ती पाहिली नाही?" आणि खिचडी खायला लागले.

मला ते लागलं. प्रबोधिनीत आम्ही लष्करी इतिहास शिकलो होतो. पानिपताची मांडणी मी झोपेत सांगू शकलो असतो. ५ नोव्हेंबर १८१७ची खडकी, सीताबर्डी, १ जानेवारी १८१८चं कोरेगाव, सगळं पाठ. या सगळ्यांच्या मधे २१ डिसेंबर १८१७ला महिदपूर झालं, एवढी एक ओळ वाचलेली आठवत होती. मराठ्यांच्या शेवटच्या युद्धातली ही मोठ्या लढायांपैकी एक, आणि आपल्याकडे तिचं नाव कुणी घेत नाही. पुण्याचा शनिवारवाडा पडला म्हणजे सगळं संपलं, अशी आपली समजूत. माळव्यात काय झालं ते माळव्याचं.

महूला परत आल्यावर लायब्ररीत बसलो. जे हाती लागलं ते थोडक्यात असं.

यशवंतराव होळकर १८११ साली भानपुऱ्याला वारले. १८०२ साली पुण्याजवळ शिंदे आणि पेशव्यांच्या एकत्र फौजेला हरवणारा, १८०४ साली कर्नल मॉन्सनला पळता भुई थोडी करणारा हा माणूस गेला आणि मागे राहिला पाच वर्षांचा मल्हारराव. कारभार तुळसाबाईंच्या हाती आला. खजिना रिकामा, फौजेचा पगार थकलेला. पगार थकलेल्या फौजेत काय होतं हे फौजेत राहिलेल्याला सांगायला नको. मालकाचा हुकूम आणि सरदाराचा हुकूम यांत फरक पडायला लागतो. १८१७च्या डिसेंबरात जनरल हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम मद्रासची फौज घेऊन उज्जैनकडून वर सरकत होते आणि बोलणी चालू होती. तुळसाबाई इंग्रजांशी तह करणार असा फौजेतल्या सरदारांना संशय होता. लढाईच्या आदल्या दिवशी त्यांच्याच माणसांनी क्षिप्रेच्या काठावर तुळसाबाईंना मारलं.

म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी जी फौज उभी राहिली, तिच्यावर एकच सेनापती असा नव्हताच. अकरा वर्षांचा राजा होता, पायदळ आणि तोफखाना घेऊन रोशन बेग होता आणि घोडदळाचे आपापले सरदार होते.

जागा मात्र चांगली निवडली होती. समोर नदी, बाजूंना ओसाड गावठाण आणि ओहोळ, तोफा ओळीने मांडलेल्या. नदी उतरायला सोयीचा उतार जवळपास एकच. हिस्लॉपने काय केलं? त्याच उतारावरून, तोफांच्या तोंडावर, फौज पार केली, काठाच्या आडोशाला तिची मांडणी केली आणि सरळ समोरून हल्ला चढवला. स्टाफ कॉलेजच्या परीक्षेत हे उत्तर लिहिलं तर नापास करतील. इंग्रजांकडच्या ठार आणि जखमींचा आकडा आठशेच्या जवळ गेला. पण होळकरांचं घोडदळ लवकर मोडलं, आणि मोडल्यावर तोफखान्याला पाठीशी कुणी उरलं नाही. गोलंदाज जागचे हलले नाहीत. इंग्रजांच्याच लेखनात त्यांची तारीफ आहे, की हे लोक तोफांवरच मेले. होळकरांकडचे तीनेक हजार पडले.

हरलेल्या बाजूच्या शौर्याबद्दल आपण खूप बोलतो. मला वाटतं इथे शौर्याचा प्रश्नच नव्हता, हुकूम कोणाचा हा प्रश्न होता. गफूर खान नावाचा सरदार आपली माणसं घेऊन बाजूला झाला आणि दोन आठवड्यांनी झालेल्या तहात त्याला जावऱ्याची जहागीर कायम मिळाली. ते तहाच्या कलमातच आहे.

६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचं सगळं गेलं, आपला खानदेशही त्यात आला. (तापीकाठच्या थाळनेरचा किल्ला ताब्यात घेताना याच हिस्लॉपने फेब्रुवारीत किल्लेदाराला फाशी दिलं आणि आतली शिबंदी कापून काढली. धुळ्याकडच्या वाचकांना हे माहीत असेल.) होळकरांच्या मुलखात कंपनीची फौज राहील, कुठे राहायचं ते कंपनी ठरवेल. ती जागा माल्कमने ठरवली, महू. १८१८पासून आजतागायत तिथे छावणी आहे.

इथे एक गोष्ट निवृत्त मंडळींसाठी. महू हे नाव म्हणजे इंग्रजीतल्या चार शब्दांची आद्याक्षरं, 'युद्धाचं लष्करी मुख्यालय' वगैरे, असं मलाही कोर्सला सांगितलं होतं. ते खोटं आहे. आधी गावाचं नाव होतं, मग कुणीतरी त्याच्यात अक्षरं बसवली. याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ नोकरीला होते आणि १४ एप्रिल १८९१ला तिथे बाबासाहेबांचा जन्म झाला. २००३ साली गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं. फौजेत अजून सगळे महूच म्हणतात.

आता सराफ्याकडे येतो, कारण काकांचं वाक्य मला पुरतं कळायला आणखी वेळ लागला. नुसतं महू नव्हे, इंदूरसुद्धा त्या पराभवातून झालं. त्याआधी होळकरांची गादी इंदुरात टिकून नव्हती. अहिल्याबाईंनी महेश्वर धरलं, यशवंतराव भानपुऱ्याला राहिले. १८१८नंतर तात्या जोगांनी कारभार हाती घेतला आणि राजधानी इंदुरात आली. लढायचं संपलं होतं, तेव्हा पैसा करायचं सुरू झालं. माळव्यात पैसा म्हणजे अफू. माळव्याची अफू चीनला जायची, कंपनीला ती आपल्या बंगाली अफूच्या आड येत होती, म्हणून तिने आधी अडवून पाहिलं. अडेना तेव्हा १८३०च्या सुमारास तिच्यावर कर बसवून परवाने सुरू केले. अफू आली की सावकार आला, हुंडी आली. मारवाडी आणि जैन पेढ्या आल्या. सराफा म्हणजे नुसते दागिने नव्हेत, हुंड्या वटवणारी ही गल्ली होती. पुढे अफू ओसरली आणि कापूस आला, गिरण्या आल्या. सर सेठ हुकूमचंद यांचं नाव इंदुरात आजही राजाच्या खालोखाल घेतात. सराफ्याजवळचं काच मंदिर त्यांचं. आणि दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला खंडवा-इंदूर रेल्वेसाठी १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने! ज्यांच्या तोफा जिंकून नेल्या त्यांच्याकडूनच साठ वर्षांच्या आत कर्ज घेण्याची वेळ आली. मला हा महिदपूरचा उत्तरार्ध वाटतो.

हे लक्षात घेऊन सराफ्यात फिरा, मग पदार्थ कोण कुठून आला ते दिसतं. मका, गराडू, माव्याची बाटी हे माळव्याचं. कचोरी, जिलबी, रबडी, शेव हे पेढ्यांबरोबर मारवाड आणि गुजरातेतून. पोहे आणि साबुदाणा आपले, फौजेबरोबर आणि कारकुनांबरोबर आलेले, असं इंदूरकर सांगतात आणि मला ते पटतं. माळव्याची काळी जमीन गहू-ज्वारीची, तिथे सकाळचा नाश्ता म्हणून तांदळाचा पदार्थ आपणहून रुजण्यासारखा नाही. आज उज्जैनला पोह्यांच्या गिरण्या आहेत, पण त्यांचा धान छत्तीसगडकडून येतो. दुकानात पोहे विकणं मात्र होळकरांच्या काळातलं नव्हे. स्वातंत्र्यानंतर कोकणातून आलेल्या एका गृहस्थांनी उपाहारगृहात पोहे विकायला सुरुवात केली, असं जुने लोक सांगतात. गिरणीची पाळी सुटली की बाहेर वाफाळलेले पोहे तयार. तेही पातेल्यातल्या वाफेवर ठेवलेले. साबुदाण्याच्या खिचडीचंही तेच. वर शेव, कांदा, बडीशेप आणि जीरावन मसाला, बाजूला जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी कुणी पहिल्यांदा ठेवली हे शोधण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. मराठी कारकून आणि मारवाडी हलवाई एका गल्लीत शंभर वर्षं राहिले की असंच होणार.

एक आगाऊ गोष्ट. इंदूर २०१७पासून स्वच्छ शहरांत पहिलं येतंय याचं सगळ्यांना कौतुक आहे. १९१७च्या सुमारास पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार इंदुरात होते. प्लेग होता, लोक घरं झाडायला तयार नव्हते. गेडिसनी दिवाळीला मिरवणूक काढली, तिच्यात भलामोठा उंदीर आणि घाणीचे राक्षस करून फिरवले, आणि जी आळी सगळ्यांत स्वच्छ तिथून मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. शहर झाडलं गेलं. हुकूम न देता काम कसं करून घ्यावं याचा इतका चांगला धडा मी कुठल्या कोर्समध्ये ऐकला नाही.

तिसऱ्या खेपेला महिदपूरला गेलो. रविवारी पहाटे महूहून निघालो, वाटेत उज्जैनला चहा घेतला आणि पुढे तासाभराचा रस्ता. क्षिप्रा तिथे उन्हाळ्यात अगदीच बारीक असते. गाव, घाट, किल्ल्याच्या भिंती. नकाशा हातात घेऊन मी उतार कुठला असेल ते ठरवायचा प्रयत्न केला. काठ उंच आहे, खाली माणूस दडू शकतो, म्हणजे हिस्लॉपची माणसं तिथे उभी राहून रांगा लावू शकली ते समजलं. मग वर चढून होळकरांच्या बाजूने पाहिलं. तोफांचा मारा काठाच्या कडेपर्यंत येतो, कडेखाली येत नाही. ती माणसं खाली गोळा होताहेत हे गोलंदाजांना कळत असणार, ओरडा ऐकू येत असणार, आणि तोफ खाली वाकवता येत नसणार. त्या क्षणी घोडदळ उतरून काठावर पडायला हवं होतं. पडलं नाही. सगळी लढाई त्या पंधरा-वीस मिनिटांत हरली, असं माझं मत झालं. इतिहासकारांना ते मान्य नसलं तरी चालेल. एक मुलगा म्हशी पाजायला आला होता, त्याने विचारलं, "जमीन नापने आए हो?" मी हो म्हणालो.

संध्याकाळी तसाच इंदुरात आलो. राजवाड्यासमोर गाडी लावली. वाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४च्या दंगलीत मागचा भाग जळला, समोरची बाजू राहिली आणि आता मागचं पुन्हा बांधलंय. सराफ्यात गर्दी पूर्वीपेक्षा दुप्पट. चॉकलेटचं पान, चीज घातलेलं काहीबाही, मोबाईल वर धरून दहीवड्याचं चित्रीकरण करणारी पोरं. खिचडीवाल्याला काकांचं विचारलं. तो म्हणाला, "भिया, उनके घुटने गए. अब नहीं आते." पत्ता त्यानेच दिला. एक द्रोण बांधून घेतला.

रामबागेतलं घर जुनं, पुढे ओटा. काका खुर्चीत बसले होते. मला ओळखलं नाही, पण महिदपूरहून आलो म्हटल्यावर सरळ बसले. "काय पाहिलंत, साहेब?" मी काठाचं, उताराचं, तोफेच्या तोंडाचं सांगितलं. त्यांनी सुनेकडून कागद-पेन्सिल मागवली आणि मला काढून दाखवायला लावलं. घोडदळ कुठे होतं त्यावरून आमचा वाद झाला. मला ते डावीकडे ओहोळापाशी असावं असं वाटत होतं, काका म्हणत होते मागे. त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं, आजोबांना त्यांच्या आजोबांनी. शेवटी दोन्ही ठिकाणी खुणा करून ठेवल्या.

मग सराफ्याचं निघालं. ही चौपाटी सुरू कशी झाली याची तिथे एक गोष्ट सांगतात, की सराफांनीच खाण्यावाल्यांना ओटे दिले, कारण रात्रभर गल्लीत माणसं असली की चोर येत नाही. लष्करी डोळ्याने पाहिलं तर हा पहारा उत्तमच. गस्तीच्या दोन शिपायांपेक्षा पाचशे खवय्ये बरे, शिवाय त्यांना पगार लागत नाही, तेच पैसे देतात. आता मात्र काही सराफ व्यापारी चौपाटी दुसरीकडे न्या म्हणतात. अरुंद गल्ली, ओळीने गॅसचे सिलिंडर, खाली लाकडी माड्या. एकदा पेटलं तर बंबसुद्धा आत जाणार नाही. मी हे ऐकून म्हणालो, "काका, त्यांचं चुकत नाही. माझ्या युनिटमध्ये असा दारूगोळा कुणी ठेवला असता तर मी त्याला सोडला नसता."

काका म्हणाले, "बरोबर आहे. पण चौपाटी मैदानात नेली तर ती चौपाटीच राहील, सराफा नाही राहणार. सिलिंडर हलवा, माणसं कशाला हलवता? जुने पदार्थ ठेवा, ते चीजवाले काढा, अर्धी गर्दी आपोआप कमी होईल."

चीजवाल्यांवर त्यांचा राग मोठा होता. पण मला आठवलं, की पोहेसुद्धा एके काळी इथे बाहेरून आलेलेच होते. तसं मी म्हणालो नाही. सिलिंडरची व्यवस्था गल्लीच्या तोंडाशी करून आत नळाने गॅस देता येईल का, ओट्यांच्या मधे मोकळी जागा सोडता येईल का, यावर आम्ही त्याच कागदाच्या मागे गल्लीचा नकाशा काढला. किती ओटे ठेवायचे यावर पुन्हा वाद. महिदपूर एका बाजूला आणि सराफा दुसऱ्या.

द्रोण तोवर गार झाला होता. काकांनी एक घास घेतला आणि सुनेला हाक मारली, "अगं, यावर थोडं तूप-जिरं घाल. साताऱ्याच्या माणसासमोर अशी देऊ नको." कागद त्यांनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. घोडदळाचं तेवढं पुस्तकात पाहून कळवा म्हणाले.

मी अजून पाहतोय. दोन पुस्तकांत दोन वेगळे नकाशे आहेत.